पाच महिने झाले तरी मांडीचं हाड जुळत नाही: स्क्रू काढावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भावाच्या मांडीच्या हाडात रॉड टाकून पाच महिने झाले, एक्स-रेत फट अजून दिसते, आणि डॉक्टर म्हणतात की खालचे स्क्रू काढू आणि पूर्ण वजन टाकून चालवू. घरच्यांना वाटतं, स्क्रू काढले तर हाड निसटेल, त्यापेक्षा दोन महिने झोपवून ठेवावं. मी बरीच वर्षं हाडांच्या रुग्णांची फिजिओथेरपी करतोय, त्यामुळे ही भीती ओळखीची आहे. पण झोपवून ठेवायचा बेत सोडून द्या. तोच सगळ्यात वाईट पर्याय आहे.

आधी रॉड काम कसं करतो ते बघा. तो हाडाच्या पोकळीतून जातो, आणि वर-खाली आडवे स्क्रू टाकून त्याला जखडलेलं असतं. चालताना बराचसा भार स्क्रूमधून रॉडवर जातो, त्यामुळे मोडलेली दोन टोकं एकमेकांवर दाबली जात नाहीत. सुरुवातीला हे हवंच असतं. पण मध्ये बारीकशी फट राहिली, तर तेच स्क्रू ती फट मिटू देत नाहीत. एका टोकाचे स्क्रू काढले की हाड रॉडवरून काही मिलिमीटर सरकतं, टोकं भिडतात आणि पावलागणिक त्यांच्यावर दाब येतो. रॉड आत असतोच, दुसऱ्या टोकाचे स्क्रूही असतात. बऱ्याच रॉडना एक लांबट भोक असतं. त्यातला स्क्रू ठेवला तर हाड खाली सरकतं, पण गोल फिरत नाही. शस्त्रक्रियाही लहानशी असते.

मात्र हा उपाय सरसकट चालत नाही. हाड आडवं किंवा थोडं तिरकं मोडलं असेल आणि भोवती थोडा तरी कॅलस, म्हणजे नवं हाड, दिसत असेल तर चांगला. चुरा झालेला असेल तर पाय आखूड होण्याचा धोका असतो. आणि कॅलस अजिबातच नसेल तर नुसता दाब देऊन भागत नाही. मग जुना रॉड काढून, पोकळी आतून खरवडून १-२ मिलिमीटर जाड रॉड टाकतात, किंवा रॉड तसाच ठेवून बाजूला प्लेट लावतात आणि कमरेच्या हाडातून काढलेला बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाचे तुकडे, भरतात. म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा: हाड हलतंय म्हणून जुळत नाही, की तिथे जुळायची ताकदच कमी आहे? पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं.

महिने मोजण्यात फार अडकू नका. मांडीचं हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. 'जुळलंच नाही' म्हणायला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) जुनी व्याख्या नऊ महिन्यांची आहे, त्यातही सलग तीन महिने काहीच प्रगती नसावी लागते. सर्जन दर वेळी तितकं थांबत नाहीत, पण प्रगती बघायची हे त्यातलं खरं. सगळे एक्स-रे तारखेनुसार शेजारी लावा, समोरून घेतलेले एका ओळीत, बाजूने घेतलेले दुसऱ्या. प्रत्येक फोटोत हाडाच्या दोन कडा दिसतात, म्हणजे एकूण चार. चारपैकी तीन कडांवर नवं हाड फटीवरून पलीकडे गेलं, तर जुळलं असं सहसा धरतात. दोन महिन्यांपूर्वी एक कड भरत होती आणि आज दोन भरल्यात, तर काम चाललंय. एका ओळीतले सगळे फोटो हुबेहूब सारखे दिसले तर थांबण्यात अर्थ नाही. रॉडमुळे नीट कळत नसेल तर सीटी स्कॅन सांगतात. आणि रॉड कायम भार पेलेल असं समजू नका. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा हाड न जुळता वर्ष-दीड वर्ष गेलं तर रॉड किंवा स्क्रूही तुटू शकतो.

स्क्रूचा निर्णय घ्यायच्या आधी जंतुसंसर्ग नाही ना, ते बघून घ्या. विशेषतः जखम उघडी होती का? हाडातला संसर्ग ताप न येताही महिनोन्‌महिने रेंगाळतो. सीआरपी, ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करून घ्या. शंका असेल तर आधी तिथला नमुना जंतूंच्या तपासणीला, मग अँटिबायोटिक. उलट केलं तर जंतू सापडत नाहीत. सोबत व्हिटॅमिन डी आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर. भाऊ सिगारेट ओढत असेल तर ती आजच बंद. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, धूम्रपानाने हाड जुळायला खरंच उशीर होतो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही डॉक्टरांना न विचारता रोज चालू ठेवू नका.

आता माझ्या कामाचं. डॉक्टरांनी अर्धवट वजन सांगितलं असेल तर अंदाजाने टाकू नका. वजनकाट्यावर तो पाय ठेवून, सांगितलेल्या किलोंवर काटा येईपर्यंत दाबायचं आणि तो दाब पायाला ओळखीचा करायचा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बरेच लोक ती चुकीच्या हातात धरतात आणि मग कमरेतून लचकत चालतात. गुडघा रोज वाकवायचाच, नाहीतर हाड जुळेल पण गुडघा आखडलेला राहील. मांडीच्या पुढच्या आणि कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम आत्तापासूनच हवेत.

स्क्रू काढल्यावर साधारण सहा आठवड्यांनी एक्स-रे होईल. त्यात पायांच्या लांबीतला फरकही मोजून घ्या. वजन टाकताना दुखणं आठवड्यागणिक कमी व्हायला हवं. ते अचानक वाढलं, मांडीत कट्‌ आवाज आला किंवा जखमेतून पाणी आलं तर तारखेची वाट न बघता दाखवा. पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली तर थेट इमर्जन्सीत, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते.