आधी कामाचं टेबल बदला : व्हीलचेअरच्या वर्कशॉपबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात मी आमच्या वर्कशॉपबद्दल लिहिलं होतं. तिथे व्हीलचेअर, हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली आणि कुबड्या तयार होतात, आणि त्या बनवणारे बहुतेक कामगार स्वतः अपंग आहेत. त्यावर बरीच पत्रं आली. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न निवडून उत्तरं देतोय.

आमच्या संस्थेला असं वर्कशॉप सुरू करायचं आहे. कोणतं अपंगत्व असलेल्या व्यक्तीला कोणतं काम द्यावं, याची यादी द्याल का?

यादी देणार नाही, कारण आम्ही ती एकदा केली होती आणि ती चुकली. अंध माणसाला पॅकिंग, कर्णबधिराला ग्राइंडर, खुर्चीवर बसणाऱ्याला शिवणकाम आणि हिशेब, अशी वाटणी करून आम्ही मोकळे झालो होतो. ज्यांच्यासाठी यादी केली, त्यांना विचारलंच नव्हतं.

आज आमच्याकडची सगळ्यात सरळ चाकं एक पूर्ण अंध कारागीर बांधतो. डाव्या हाताची बोटं हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या भोकांवरून फिरतात, उजवा हात स्पोक ओवत जातो. सगळे 36 स्पोक बसले, की तो एकेकाला नखाने टिचकी मारतो. एका बाजूच्या स्पोकांचा ताण सारखा असेल तर नाद सारखा येतो, आणि एखादा ढिला असेल तर तो बद्द वाजतो. मग रिमला लागून एक पातळ पत्रा बसवून चाक फिरवायचं. जिथे खर्र आवाज येतो तिथे रिम बाहेर आलेली असते. हे काम पॅकिंगच्या टेबलावर बसवलेल्या माणसाने स्वतः मागून घेतलं. आमच्यापैकी कुणालाही ते सुचलं नव्हतं.

म्हणून यादी माणसांची करू नका, कामाची करा. पाइप कापणं, वाकवणं, जिगमध्ये (पाइप नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यात) बसवून वेल्डिंगचे छोटे टाके मारणं, पूर्ण वेल्डिंग, घासणं, रंग, चाकं, सीटचं कापड शिवणं, जोडणी, तपासणी. मग प्रत्येक पायरीला विचारा की इथे माणूस नक्की कुठे अडतो? बहुतेक वेळा टेबलाची उंची, ड्रिलच्या दांड्याची लांबी किंवा एखादं पायाने दाबायचं पॅडल आडवं येतं. पॅडलच्या जागी हाताने दाबायचा क्लॅम्प बसवता येतो. जिग घट्ट असेल तर पाइप धरायला दुसरा हात लागत नाही, त्यामुळे एका हाताने काम करणाराही अचूक टाके मारतो. हो, एक गोष्ट लक्षात आली असेलच. चांगला जिग सगळ्यांचंच काम सोपं करतो.

व्हीलचेअरवर बसून वेल्डिंग करणं धोक्याचं नाही का?

आहे. मणक्याला इजा झालेल्या माणसाला तर जास्तच, आणि हे मला आमच्याच चुकीतून कळलं.

आमच्या एका वेल्डरला कमरेखाली संवेदना नाही. एकदा त्याच्या बुटात ठिणगी शिरली. त्याला काहीच कळलं नाही. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्याला मोजा जळल्याचा वास आला, तेव्हा बूट काढला. ती भाजल्याची जखम भरायला कित्येक महिने गेले, कारण संवेदना नसलेल्या पायाची जखम सावकाशच भरते. त्याला आम्ही उभ्याने काम करणाऱ्याचा एप्रन दिला होता. माणूस बसला की मांड्यांवर खळगा तयार होतो आणि ठिणग्या नेमक्या तिथे साठतात, पाय तर उघडेच राहतात. हा विचार आम्ही करायला हवा होता.

आता आमच्याकडे चामड्याचा एप्रन छातीपासून पावलांच्या पुढेपर्यंत येतो. गरम तुकडा मांडीवर ठेवायचा नाही, क्षणभरसुद्धा नाही. उशीला साध्या रेक्झिनचं कव्हर चालत नाही, ते वितळतं. कामाची पाळी संपली की प्रत्येकाने आरसा घेऊन पाय आणि पावलं तपासायची, आणि हे कामाच्या वेळेतच करायचं, घरी जाऊन नाही. आग विझवायचं नळकांडं बसून हात पोचेल अशा उंचीवर टांगलेलं असतं. बसलेल्या माणसाचं तोंड धुराच्या जास्त जवळ असतं, म्हणून धूर ओढणारा पंखा छताला नको, टेबलाच्या पातळीला हवा.

टेबलाखाली गुडघे शिरले पाहिजेत. फ्रेम फिरत्या जिगवर बसवा, म्हणजे प्रत्येक जोड वेल्डरसमोर येतो आणि त्याला जोडाभोवती फिरावं लागत नाही. खुर्ची जागच्या जागी वळायला दीड मीटर मोकळी जागा लागते, दोन खुर्च्या शेजारून जायला 1.8 मीटर. उताराचं प्रमाण 1 ला 12 ठेवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जागा कमी म्हणून उतार उभा केला तर तो फक्त फोटोपुरता राहतो.

कर्णबधिर कामगाराला मशिनवर ठेवायची भीती वाटते.

मशिन सुरू आहे हे दाखवणारा दिवा, धोक्याच्या घंटेबरोबर चमकणारा दिवा, आणि मागून येणारा दिसावा म्हणून समोर आरसा. एवढं केलंत की भीतीचं कारण उरत नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे निदान सुपरवायझरने तरी खुणांची भाषा शिकावी. चिठ्ठ्या लिहून कुणाला वेल्डिंग शिकवता येत नाही.

आमच्या मंडळाचं म्हणणं आहे की हे सेवेचं काम आहे, तेव्हा कामगारांना पगाराऐवजी मानधन द्यावं. शिवाय त्यांचा वेगही कमी असतो. तुमचं मत?

माझं मत स्पष्ट आहे. मानधन देऊ नका, पगार द्या. माणूस सकाळी ठरलेल्या वेळी येतो, ठरलेलं काम करतो आणि त्याने केलेली वस्तू तुम्ही विकता किंवा देणगीदाराला दाखवता. याला नोकरी म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातलं 27 वं कलम इतरांच्या बरोबरीने काम करण्याचा हक्क सांगतं, आणि समान मोलाच्या कामाला समान मोबदलाही.

वेगाबद्दल बोलायचं तर आधी मोजा. आमच्याकडे जोडणीचा वेग कमी पडत होता. चार दिवस घड्याळ लावून बसलो तेव्हा दिसलं की कुबड्या घेऊन चालणारा कामगार दर खुर्चीमागे अकरा वेळा नट-बोल्ट आणायला उठत होता. डबे त्याच्या हाताशी आणले आणि तक्रार संपली. आमची मांडणीच मंद होती आणि दोष माणसाच्या माथी मारला जात होता. एवढं करूनही एखाद्याचा वेग कमी राहिला, तर तो धरून हिशेब मांडा आणि तूट देणगीतून भरा. कामगाराच्या पगारातून ती भरून काढू नका. देणगी असते कशासाठी?

हाताने बनवलेली व्हीलचेअर कारखान्यातल्या खुर्चीइतकी टिकते का? आम्हाला सहानुभूतीपोटी घ्यायची नाही.

सहानुभूतीपोटी घेऊच नका. तपासून घ्या.

या साधनाचा इतिहास मात्र जाणून घ्या. साधारण 1655 मध्ये जर्मनीतल्या श्टेफान फार्फ्लर या अपंग घड्याळजीने स्वतःसाठी हाताने फिरवायची तीनचाकी खुर्ची बनवली. 1933 साली घडीची, धातूच्या नळ्यांची व्हीलचेअर आली ती हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांची. त्यांतले एव्हरेस्ट खाणीतल्या अपघाताने अपंग झालेले इंजिनिअर होते. राल्फ हॉचकिस हे अमेरिकन इंजिनिअर 1966 मधल्या मोटरसायकल अपघातानंतर व्हीलचेअर वापरू लागले. 1980 मध्ये मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात त्यांना एकाच खुर्चीवर चौघं भागवताना दिसले. तिथून पुढे अनेक देशांतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये, खुर्ची वापरणाऱ्यांनीच बनवायच्या खुर्च्यांचं काम उभं राहिलं. खडबडीत रस्त्यासाठी पुढची चाकं रुंद रबराची आणि जास्त पुढे घ्यायची, म्हणजे खुर्ची खड्ड्यात तोंडावर आपटत नाही, ही सुधारणा त्या कामात पक्की झाली. रस्त्यावर आपटलेल्या माणसांनाच ती सुचणार.

आता टिकाऊपणा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 7176 मध्ये खुर्ची उंचवटे असलेल्या दोन फिरत्या ड्रमवर 2,00,000 फेऱ्या चालवतात, आणि मग 50 मिलिमीटर उंचीवरून 6,666 वेळा आपटतात. छोट्या वर्कशॉपला हे यंत्र परवडत नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. विकत घेताना तुम्ही तो अहवाल मागा. आणि स्वतः एवढं बघा. खुर्ची सपाट फरशीवर ठेवा, चारही चाकं टेकली पाहिजेत. पुढचं छोटं वळणारं चाक, म्हणजे कॅस्टर, उचलून फिरवा, त्याचा खांब डुगडुगता कामा नये. ब्रेक लावून ढकला. आणि शेवटी विचारा की बेअरिंग, टायर, ट्यूब कुठल्या मापाची आहे? सायकलच्या दुकानात मिळणारी असेल तर ती खुर्ची दुरुस्त करत करत बरीच वर्षं चालेल. परदेशातून मागवावी लागणारी असेल तर पहिलं बेअरिंग गेलं की ती कोपऱ्यात पडेल.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. एका कार्यक्रमात त्याला मोठ्यांची व्हीलचेअर मिळाली. "वाढेल तसा मावेल" असं सांगितलं. तो एका बाजूला कलून बसतो. काय करू?

ताई, ती खुर्ची त्याला वापरू देऊ नका, निदान दिवसभर तरी नको. कपडे वाढत्या मापाचे चालतात, खुर्ची नाही. रुंद सीटमध्ये मूल आधारासाठी एका बाजूला झुकतं, मग कंबर तिरकी होते, आणि वाढत्या वयात पाठीचा कणा त्या तिरकेपणातच वाढू लागतो.

घरी माप घेता येतं. त्याला टणक बाकावर सरळ बसवा, दोन्ही बाजूंना दोन पुस्तकं उभी टेकवा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा. सीटची रुंदी जवळपास तेवढीच हवी. मग कमरेच्या मागच्या भागापासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मोजा आणि त्यातून तीन ते सहा सेंटिमीटर वजा करा, ती सीटची खोली. घडीपासून टाचेपर्यंतच्या मापावर पायदान, पण उशीची जाडी लक्षात ठेवून. पायदान खाली गेलं तर तो घसरतो, वर आलं तर सगळा भार बुडावर येतो. पाठ बरगड्यांच्या खालच्या टोकाला किंवा खांद्याच्या फऱ्याच्या खालपर्यंत, तोल किती सांभाळतो त्यावर. आणि हात मोठ्या चाकाच्या माथ्यावर ठेवला की कोपर काटकोनाच्या आसपास वाकलं पाहिजे. त्याहून ताणलं गेलं तर तो स्वतः चाक मारूच शकणार नाही, आणि सगळे म्हणतील की याला ढकलावंच लागतं.

संवेदना कमी असेल तर चांगली उशी औषधाइतकीच गरजेची आहे. दर वीस-तीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला झुकून भार हलवायची सवय लावा, आणि रोज रात्री बुडाची त्वचा बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर तो जाईपर्यंत खुर्चीत बसवू नका आणि डॉक्टरांना दाखवा. दाबाची जखम हा किरकोळ त्रास नाही, त्याने जीव जातो.

नवी खुर्ची मागताना सीट आणि पायदान वाढवता येणारं मागा. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 च्या मार्गदर्शिकेत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. तपासणी, मापाला बसवणं, वापरायला शिकवणं आणि नंतरची दुरुस्ती या सगळ्या त्यात आहेत. स्टेजवर खुर्ची देऊन फोटो काढणं ही त्यातली एकही पायरी नाही. देणाऱ्यांना हे स्पष्ट सांगा, मुलाला सोबत घेऊन. मिळालेली खुर्ची परत करताना संकोच बाळगू नका, ती मोठ्या माणसाच्या कामी येईल.

मी 23 वर्षांची आहे, व्हीलचेअर वापरते, अकाउंट्स शिकले आहे. घरचे म्हणतात, तुमच्यासारख्या वर्कशॉपमध्ये लाग, "तुझ्यासारखेच लोक असतील". जावं का?

त्या कारणासाठी येऊ नकोस. अकाउंट्सची नोकरी हवी असेल तर ती शोध, जिथे मिळेल तिथे. फक्त अपंगांसाठी वेगळ्या काढलेल्या जागा हा रोजगाराच्या हक्काचा पर्याय होऊ शकत नाही, हे संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने 2022 मध्ये स्पष्टच मांडलं, आणि ते मला पटतं. आमच्याकडे अपंग नसलेले कामगारही आहेत. आमचे दोन जण इथे शिकून बाहेरच्या कारखान्यात फिटर म्हणून गेले, तेव्हा आम्ही पेढे वाटले.

पण लोखंडाची आवड असेल, खुर्चीत बसल्या बसल्या "हा एक्सल थोडा पुढे हवा होता" असं तुझ्या मनात येत असेल, तर जरूर ये. एक्सल, म्हणजे मोठ्या चाकांचा आस, पुढे घेतला की खुर्ची हलकी पळते, पण मागे उलटायला लागते. तो नेमका किती पुढे हवा, यावर आमच्याकडे दर आठवड्याला वाद होतो. त्या वादात खुर्ची वापरणारी एकही बाई नाही, आणि आमच्या सगळ्या खुर्च्यांचे चाक मारायचे रिंग पुरुषांच्या पंजाच्या मापाने वाकवलेले आहेत. हे तुझं पत्र वाचताना लक्षात आलं. अकाउंट्सची नोकरी केलीस तरी एखाद्या शनिवारी येऊन तुझ्या हाताचं माप दे, त्याचे पैसे मिळतील.