पुस्तकात चूक नाही, √ च्या चिन्हात खोच आहे

तुमच्या मुलाचं √(७ − ४√३) चं उत्तर √३ − २ आलंय आणि पुस्तकात मागे २ − √३ दिलंय, म्हणून छपाईची चूक का, असं तुम्ही विचारलंय. नाही हो, पुस्तक बरोबर आहे. तुम्हाला हसत नाहीये, याच गणितापायी मी खिशातले पैसे घालवलेत.

४√३ म्हणजे २√१२, मग बेरीज ७ आणि गुणाकार १२ येणाऱ्या संख्या ४ आणि ३, त्यांची मुळं २ आणि √३, इथपर्यंत त्याला जमलेलं दिसतंय. घोळ पुढे आहे. (२ − √३) चा वर्ग करा नाहीतर (√३ − २) चा, येतं ७ − ४√३ च. मीही ताळा केला, जुळला, आणि एका प्रवेश परीक्षेत बिनधास्त √३ − २ च्या पर्यायावर खूण केली. उत्तरसूचीत दुसराच पर्याय! रीतसर आक्षेप घेतला, शुल्क भरलं, ताळ्याचं अख्खं पान स्कॅन करून जोडलं. उत्तर आलं, ‘आक्षेप अमान्य’. फोन केला तर म्हणे, तज्ज्ञांचा निर्णय आहे. अहो, कारण एका ओळीचं होतं: √३ साधारण १.७३२, त्यातून २ वजा केले की −०.२६८, आणि √ चं उत्तर ऋण नसतं. ती ओळ कोणी लिहिली नाही, आणि मी वर्षभर ‘माझा गुण खाल्ला’ म्हणत गावभर फिरलो.

मुलगा म्हणेल, ९ ला ३ आणि −३ अशी दोन वर्गमुळं असतात की. असतात. धन संख्येची मुळं धन आणि ऋण, हे भास्कराचार्यांनीही १२व्या शतकात बीजगणितात सांगून ठेवलंय. पण √ ही खूण केली की त्यातलं फक्त धन मूळ घ्यायचं. क्ष² = ९ सोडवताना उत्तरं दोन, √९ मात्र ३ च.

‘वर्ग आणि वर्गमूळ कटाप’, म्हणजे √ खाली वर्ग दिसला की दोन्ही काटून टाका, असं शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे; तसं केलं की √(√३ − २)² चं सरळ √३ − २ होऊन बसतं. (मी शिक्षक नाही, मार्कांचे नियम शाळेतच विचारा.) त्याला एवढंच सांगा, वजाबाकी दिसली की आधी दशांशात अंदाज घे आणि मोठी संख्या पहिली लिही.

जाता जाता, √७२ चं ३√८ करून थांबतोय का तेही बघा. ८ मध्ये अजून ४ दडलेत, ६√२ व्हायला हवं.