जर्मनीतल्या १९२३ च्या महागाईमुळेच हिटलर सत्तेवर आला का?

नाही, महागाईने थेट आणलं नाही. त्याच्या नाझी पक्षाला मोठं केलं ते १९२९ नंतरच्या मंदीने, म्हणजे भाव चढण्याने नव्हे तर कोसळण्याने. राइशटागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, निवडणुकांतले नाझींचे आकडेच पाहा:

- मे १९२८: २.६ टक्के मतं, १२ जागा
- सप्टेंबर १९३०: १८.३ टक्के, १०७ जागा
- जुलै १९३२: ३७ टक्क्यांवर मतं, २३० जागा

नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, पण त्याच महिन्यात नवं चलन आलं आणि भाव स्थिरावले. त्यानंतरची पाच वर्षं नाझी पक्ष किरकोळच राहिला. १९३२ च्या सुरुवातीला मात्र बेकार साठ लाखांच्या घरात होते आणि चॅन्सेलर (सरकारप्रमुख) ब्र्यूनिंग पगार व बेकारी भत्ता कापत होते. गंमत म्हणजे बेकार कामगारांची मतं जास्त करून कम्युनिस्टांकडे गेली. नाझींना भरभरून मतं दिली ती श्लेस्विग-होल्स्टाइनसारख्या प्रॉटेस्टंट ग्रामीण भागातल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी आणि छोट्या दुकानदारांनी.

एक मात्र मान्य करायला हवं. महागाईत मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत मातीमोल झाली आणि प्रजासत्ताकावरचा त्याचा विश्वास उडाला. त्यात पहिल्या महायुद्धाबद्दलचं ‘सैन्य हरलं नाही, घरच्यांनीच पाठीत सुरा खुपसला’ हे खोटं त्या युद्धातला लष्करप्रमुख खुद्द हिंडेनबुर्गने १९१९ मध्ये चौकशी समितीपुढे मांडलं होतं. मंदी आली तेव्हा हा राग तयारच होता.