तिखटाची गौर, उपासाचा साबुदाणा, विकतचा फराळ : वाचकांचे प्रश्न

गणपती जवळ आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत निम्मे प्रश्न खाण्याचे असतात, आणि ठाणे-नवी मुंबईकडून तर जास्तच. यावेळी त्यातले काही घेतलेत.

आम्ही घणसोलीचे आगरी. गौरीपूजनाच्या दिवशी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तिखटाचा नैवेद्य असतो, मटण-वडे, चिंबोऱ्यांचं कालवण. आता गावठाण सोडून टॉवरमध्ये आलो तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, घरात गणपती असताना हे कसं काय चालतं? माझी मुलगी आता विचारते, आई आपलं काही चुकतंय का? तिला काय सांगू?

ताई, मुलीला सांगा काहीच चुकत नाहीये, आणि हे अगदी ठामपणे सांगा. गौर म्हणजे माहेरवाशीण, ती दोन-तीन दिवसांसाठी घरी येते, आणि माहेरी आलेल्या लेकीला त्या घरात जे चांगलं रांधलं जातं तेच वाढायचं, एवढी साधी गोष्ट आहे ही. देशावर पुरणपोळी आणि सोळा भाज्या, चित्पावनांकडे घावन-घाटलं, आणि आगरी, कोळी, सीकेपी, कोकणातली कितीतरी मराठा घरं यांच्याकडे तिखट. कोकणात तर या दिवसाला काही ठिकाणी तिखटा सणच म्हणतात. गणपतीला ते दाखवत नाहीत, त्याचं ताट वेगळं गोडाचं, बऱ्याच घरांत मध्ये पडदा धरतात आणि मग गौरीपुढे ताट ठेवतात. तुमच्याकडेही असंच असेल. म्हणजे कोणाला काय चालतं याचा नीट विचार या रीतीत आधीपासूनच आहे.

दुसरं म्हणजे वेळ बघा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, माशांच्या विणीचे दिवस, म्हणून होड्या किनाऱ्याला. आता सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते पण कोळी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी बाहेर काढत नव्हते. मग श्रावण संपतो, होड्या बाहेर पडलेल्या असतात, खाडीत आणि भातखाचरांच्या बांधात चिंबोऱ्या भरलेल्या मिळतात, आणि तेवढ्यात गौर येते. श्रावण पाळलेल्या घरात पहिलं कालवण तिच्या ताटात जातं, मग बाकीच्यांना. मला तरी यापेक्षा जास्त आदर कसा दाखवतात ते माहीत नाही.

आणि एक लक्षात असू द्या, नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली १९७० मध्ये. ठाणे आणि रायगडातल्या ९५ गावांची भातशेती, मिठागरं, खाजणं घेऊन त्यावर नवी मुंबईचे हे नोड, म्हणजे वसाहती, आणि सेक्टर उभे राहिलेत. तुमच्या घराण्याची गौर त्या जमिनीवर त्याच्या खूप आधीपासून येतेय. शेजारच्या वहिनींना पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला बोलवा, वडे नुसते खाऊ द्या, मटण त्यांना नको असेल तर नको, पण माहिती मात्र तुमच्या मुलीनेच त्यांना द्यावी असं मला वाटतं.

माझा मुलगा कॉलेजात आहे. आषाढीला मी साबुदाण्याची खिचडी केली तर म्हणतो, आई यातलं एकही आपलं नाही, सगळं अमेरिकेतून आलंय, मग उपासाला कसं चालतं? खरं आहे का हे? (कोपरखैरणे)

हो, जवळजवळ खरं आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणाही तिकडचा, बटाटा तिकडचा, हिरवी मिरची तिकडची, रताळंसुद्धा. खिचडीत जुनं राहिलं ते जिरं आणि तूप, आणि गंमत म्हणजे जिरं कित्येक घरांत उपासाला चालत नाही!

ही सगळी मंडळी मुख्यतः पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, १५१० मध्ये गोवा त्यांच्याकडे गेलं, १५३४ मध्ये वसई, आणि आपलं ठाणं तर १७३७ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं, चिमाजीअप्पांच्या मोहिमेत ते सुटलं. साबुदाण्याची गोष्ट त्याहून अलीकडची. पूर्वी तो मलायाकडून यायचा, तिथल्या एका माडाच्या जातीच्या झाडाच्या गाभ्यापासून केलेला. दुसऱ्या महायुद्धात तिकडे जपानी आले, माल बंद झाला, आणि मग १९४० च्या दशकात तमिळनाडूत सेलमकडे कसाव्यापासून साबुदाणा करायचे कारखाने वाढले. म्हणजे आज आपण जी खिचडी खातो त्यातला साबुदाणा जेमतेम तीन-चार पिढ्यांचा.

मग चालतं कसं? तर उपासाला वर्ज्य काय ते बघायचं. नांगरलेल्या शेतात पेरून काढलेलं धान्य नको, भात नको, गहू नको, डाळी नकोत. कंदमुळं मात्र पहिल्यापासून चालायची, सुरण, अळकुड्या वगैरे. बटाटा आणि रताळं जमिनीखालून निघतात म्हणून ती थेट त्या रांगेत जाऊन बसली, साबुदाणाही कंदाचाच. आणि जे नवीन होतं ते मनाईच्या जुन्या यादीत नव्हतंच, म्हणून मिरची चालते आणि हळद चालत नाही. ही माझी समजूत आहे, पण रोजच्या स्वयंपाकाकडे बघितलं तर ती पटते.

त्याला अगदीच जुनं खायचं असेल तर वरीचे तांदूळ कर, शिंगाड्याच्या पिठाची लापशी कर, काकडीची कोशिंबीर कर, हे सगळं इकडचं. आणि एक मात्र त्याला सांग की चारशे-पाचशे वर्षं ज्या मातीत पीक घेतलं, ज्या बायकांनी त्याचे पदार्थ बसवले, त्यांचंच ते होतं. त्याने अभ्यास केला हे मला फार आवडलं, त्याला आषाढ शुद्ध नवमीची कांदेनवमीही सांग, चातुर्मासात कांदा-लसूण बंद होण्याआधी भजी खाऊन घ्यायचा दिवस, तो त्याला नक्की आवडेल.

उकडीचे मोदक खरे की तळणीचे? घरात वाद आहे. मी रत्नागिरीची, नवरा सोलापूरचा. (ऐरोली)

दोन्ही खरे. जिथे भात पिकतो आणि अंगणात नारळ आहे तिथे तांदळाच्या पिठीची उकड आणि ओल्या खोबऱ्याचं सारण, जिथे गहू पिकतो तिथे कणकेची पारी आणि सुकं खोबरं. वाद मिटवायला अकरा उकडीचे आणि दहा तळणीचे करा, एकवीस होतात.

मी नोकरी करते, दोन तास प्रवासात जातात. दिवाळीचा फराळ विकत आणते तर सासूबाई म्हणतात आमच्या वेळी असं नव्हतं. मनाला लागतं. पूर्वी खरंच सगळ्या बायका एकट्याने सगळं करायच्या? (नौपाडा, ठाणे)

एकट्याने नाही, हाच तर मुद्दा आहे. चाळीत, वाड्यात, आळीत बायका पाळीपाळीने एकमेकींकडे जाऊन करायच्या, आज हिच्याकडे करंज्या, उद्या तिच्याकडे चकल्या. एकीने लाटायचं, दुसरीने कातायचं, तिसरी कढईजवळ. आपण तो गोतावळा घालवला आणि काम मात्र तेवढंच ठेवलं, आणि ते सगळं एका बाईच्या दोन हातांवर टाकलं, म्हणून थकवा येतो.

आणि सामानही पूर्वी असं हात घातला की मिळत नव्हतं. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि नंतरही कितीतरी वर्षं साखर रेशनच्या रांगेत उभं राहूनच आणावी लागायची. साजूक तूप परवडत नाही म्हणून १९३७ मध्ये बाजारात आलेला डालडा घरोघर शिरला, आणि शंकरपाळी खुसखुशीत होते ती त्याच्यानेच असं आज आजी लोक सांगतात! म्हणजे सासूबाईंच्या आधीच्या पिढीनेही परंपरेत बदल केलाच होता.

विकतच्यामागेही बायकाच आहेत हे विसरू नका. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली त्याचं लिज्जत झालं. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आज तुमच्या स्टेशनबाहेर बचतगटाचा स्टॉल लागतो तो याच वाटेने आलेला. तिथून घेतलेल्या चकलीचे पैसे कोणाच्या तरी मुलाच्या फीला जातात.

माझं ऐकाल तर चिवडा, शेव, शंकरपाळी बिनधास्त आणा, आणि एकच पदार्थ सासूबाईंकडून शिकून घ्या, तो म्हणजे अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग कपड्यावर पसरून थोडे दमट असतानाच दळायचे, मैद्याच्या चाळणीने चाळायचे, किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून घट्ट गोळा करून चार-पाच दिवस ठेवून द्यायचा. खसखशीवर थापायचं, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचं आणि उलटायचं अजिबात नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. गूळ जास्त झाला की कढईत विरघळतो, त्याला अनारसा हसला म्हणतात, मग चमचाभर पिठी घालून सावरायचं. हे पुस्तकात वाचून जमत नाही, शेजारी उभं राहूनच येतं. नोकरीतून रोज पाच मिनिटं काढली तरी आठवडाभरात होतं कारण बहुतेक वेळ पीठ स्वतःचं स्वतःच मुरत असतं. सासूबाईंना विचारा, मला खात्री आहे त्या खूश होतील.

ठाण्यात आमच्या एका ज्यू शेजाऱ्यांनी घर घेतलं तेव्हा आम्हाला मलिदा दिला. चव तर आपल्या दडप्या पोह्यांच्या गोड भावासारखी. हे काय असतं? (टेंभी नाका)

बेने इस्रायली लोकांचा हा आभाराचा नैवेद्य आहे, संदेष्टा एलियाहू याच्या नावाने ठेवतात, लग्नाआधी, नवीन घर घेतलं, नवस फेडायचा असला की. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, आणि ताटात भोवती फळं. प्रार्थना झाली की सगळ्यांना वाटायचं. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, कोकणात तेलाचे घाणे चालवायला लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घरची भाषा मराठी, आणि पोहे-खोबरं तर दारचंच. ठाण्यातलं त्यांचं शार हाशमायिम हे प्रार्थनास्थळ १८७९ चं आहे. बरेच लोक इस्राएलला गेले तरी ठाण्यात अजून मोठी वस्ती आहे. त्यांच्या नवीन वर्षाला, साधारण सप्टेंबरात, गव्हाच्या चिकाचा नारळाच्या दुधातला हलवा करतात, तेव्हा शेजारी म्हणून नक्की जा आणि जाताना तुमच्याकडचं काहीतरी घेऊन जा, फक्त आधी त्यांना विचारा त्यांना काय चालतं.