रोबोटिक शस्त्रक्रियेचा क्लेम कापला, आता दाद कुठे?

प्रश्न : मी निपाणीची, वय 46. गर्भाशयात गाठी आणि अति रक्तस्राव, म्हणून कोल्हापूरच्या खासगी रुग्णालयात रोबोटिक पद्धतीने गर्भाशय काढलं. बिल 2,86,000 रुपये, त्यात रोबोचा वेगळा आकार 90,000. पॉलिसी 4 लाखांची. ‘रोबोटिक सर्जरीला 25 टक्के मर्यादा’ म्हणत कंपनीने 1 लाखच दिले. काय करू?

उत्तर : ताई, ‘मर्यादाच बेकायदा’ असं भांडू नका, हराल. विमा नियामकाने 2019 मध्ये 12 आधुनिक उपचारांची यादी काढली, त्यात रोबोटिक सर्जरी आहे. हे उपचार कंपनीला वगळता येत नाहीत, पण त्यांना मर्यादा घालता येते.

भांडा ते मर्यादा कशाला लागते यावर. रोबो आपणहून काही कापत नाही, सर्जन कन्सोलवर, म्हणजे त्याच्या नियंत्रण-यंत्रावर बसून त्याचे हात चालवतो. तेच गर्भाशय दुर्बिणीने काढलं असतं तरी खोली, भूल, सर्जनची फी, औषधं हा खर्च आलाच असता. तुमच्या बिलात तो 1,96,000 आहे. मर्यादा रोबोच्या 90,000 पुरती धरली, तर ती 1 लाखात बसते आणि कपातीला जागाच उरत नाही. हे टिकेल की नाही, ते कलमाच्या शब्दांवर आहे. शब्द मोघम असतील तर संशयाचा फायदा विमाधारकाला, हे जुनं तत्त्व. ‘रुग्णालयातील संपूर्ण खर्चासह’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. एजंटाचं माहितीपत्रक नको, पूर्ण पॉलिसी वाचा.

रुग्णालयाकडून बिलाचा तपशीलवार ब्रेकअप, ऑपरेशन नोट आणि डिस्चार्ज समरी लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. मागितल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम आहे. सर्जनचा दाखलाही हवा, पण ‘रुग्णाच्या हितासाठी’ एवढंच लिहिलेला नको. साध्या गाठींसाठी रोबो दुर्बिणीपेक्षा सरस असल्याचा ठाम पुरावा नाही, हे कंपनीचे डॉक्टर जाणतात. आधीच्या सिझेरियनमुळे आतली चिकटण, गर्भाशयाचा आकार, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढणं), असं जे खरं कारण असेल तेच दाखल्यात यावं.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. तिथे फी नाही, वकीलही चालत नाही. सीमाभागात इथेच गफलत होते : शस्त्रक्रिया कोल्हापुरात झाली म्हणून पुण्याचा लोकपाल मिळत नाही. तुमचा पत्ता निपाणीचा, म्हणजे बेंगळुरूचा. मात्र ज्या शाखेविरुद्ध तक्रार आहे ती कोल्हापूरची असेल, तर पुण्याला जाता येतं. मराठी कागदांचा विचार केला तर ते सोपं पडेल.

लोकपालाचा निर्णय पटला नाही, तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. रुग्णालय महाराष्ट्रात असलं तरी हरकत नाही, तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. मुदत 2 वर्षांची. भरलेला हप्ता 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मराठी कागदांना कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. दोन्हीकडे एकाच वेळी तक्रार मात्र नको, आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही.

दरम्यान कंपनीने ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ अशी पावती पुढे केली, तर तिच्यावर ‘हरकत राखून स्वीकारले’ असं लिहिल्याशिवाय सही करू नका.