मर रोग आणि ट्रायकोडर्मा: तुमचे प्रश्न

तूर-हरभऱ्याच्या मर रोगावर (जमिनीतल्या बुरशीने उभं झाड वाळतं तो) आणि ट्रायकोडर्मावर (त्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) रोज तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून इथे एकदाच लिहितो.

प्रश्न: तूर फुलोऱ्यात आहे, मधली मधली झाडं वाळतायत. पाणी कमी पडलं का?
खोड उभं चिरून बघा. आत काळपट रेघ दिसली तर मर धरा, बुरशीने आतल्या पाणी नेणाऱ्या नळ्या बंद केल्यात. रेघ नसेल तर झाड मुळासकट उपटून कृषी विज्ञान केंद्रात (केव्हीके) दाखवा, अंदाजाने फवारे मारू नका.

प्रश्न: आता ट्रायकोडर्माची आळवणी केली (पाण्यात मिसळून मुळाशी ओतलं) तर वाळलेलं झाड वाचेल?
नाही.

प्रश्न: दुकानदार म्हणतो ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम एकत्र टाका, डबल रिझल्ट.
अहो, ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक, त्याने तीच मरते, मग डबल रिझल्ट कसला? वर पाकीट कधीचं, किती महिने पत्र्याखाली तापलेलं, हे कोणी बघतच नाही, तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि हे काम पेरणीआधीचं आहे हे कितीदा सांगायचं! ट्रायकोडर्मा मुळाभोवतीची जागा आधी धरतो, फ्युजेरियमला, म्हणजे मर आणणाऱ्या बुरशीला, विळखा घालून तिची भिंत विरघळवतो, स्युडोमोनास हे दुसरे उपयोगी जिवाणू तिथलं लोह बांधून ठेवतात त्यामुळे रोगाच्या बुरशीची उपासमार होते, पण या सगळ्यांना जगायला सेंद्रिय पदार्थ लागतो, नुसत्या कोरड्या रानात पावडर फेकून काय होणार? १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळा, सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा, हिरवट बुरशी चढलेली दिसली की जमिनीत द्या. एकरी किती ते कृषी सहायकाला विचारून.

प्रश्न: रायझोबियम लावलं तरी मर आलीच?
रायझोबियम हे जिवाणू खत नत्रासाठी असतं, मरीसाठी नाही. बीजप्रक्रियेत (पेरणीआधी बियाण्याला चोळताना) रासायनिक औषध आधी, जिवाणू शेवटी, सावलीत सुकवून लगेच पेरा.

प्रश्न: एक वर्ष हरभरा घेतला नाही तर बुरशी जाईल ना?
नाही जात, हरभऱ्याच्या मरीची बुरशी पीक नसतानाही ६ वर्षांपर्यंत जमिनीत टिकते. तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतलं तर मर कमी येते हे प्रयोगांत दिसलंय. वाण सहनशील घ्या, तुरीत बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६, हरभऱ्यात विजय, दिग्विजय, पण तुमच्या जमिनीला कुठला ते विद्यापीठाच्या माणसाला विचारूनच बियाणं उचला, आणि पेरणीच्या आदल्या दिवशी फोन करू नका.