पणजीत निखाऱ्यावरचे जेवण

प्रश्न : पुण्याहून पाहुणे येणार आहेत. पणजीत निखाऱ्यावर भाजलेले मासे व चिकन चांगले कुठे मिळेल? – एक वाचक, फोंडा

उत्तर : चिकन काफ्रियालसाठी (हिरव्या वाटणात मुरवलेले गोव्याचे चिकन) फोन्तेन्हास या पणजीच्या जुन्या वस्तीतील छोट्या खानावळी पाहाव्यात; मात्र अनेक ठिकाणी ते तेलात परतले जाते, म्हणून निखाऱ्यावर भाजून द्याल का, हे आधीच विचारावे. माशांसाठी किनाऱ्यावरील शॅक, म्हणजे झोपडीवजा उपाहारगृहे, उत्तम. रेशाद मसाला (लाल मिरचीचे आंबट-तिखट वाटण) भरलेला बांगडा मागवण्यापूर्वी तो पाहून घ्यावा : डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक हवेत. कोळशावर राखेचा पांढरट थर आल्यानंतरच मासा ठेवणारा आचारी मला भरवशाचा वाटतो, कारण ज्वाळेवर कातडी करपते आणि काट्याजवळचा भाग कच्चा राहतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते; त्या काळात पाहुण्यांना काफ्रियालच खाऊ घालावे.